परसातली अंबाडी

तुलमाया पुनला आपली सून पसंत नव्हती, आणि ते झाकून ठेवायचे कष्ट तिने कधी घेतले नाहीत. तिचा एकुलता एक मुलगा शैलेंद्र पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला गेला, तिथे त्याला सदाशिव पेठेतली उत्तरा भेटली. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि परस्पर अमेरिकेला निघून गेली. नेपाळच्या पश्चिम डोंगरातल्या धुरीबास गावात बसलेल्या आईला ही बातमी कळली ती शाळामास्तराकडून, अंगणात नाचणी बडवताना. तिने हातातलं दांडकं खाली ठेवलं नाही. "म्हणजे गेला," एवढंच म्हणाली आणि बडवत राहिली.

पुढे त्या डोंगरात बंड पेटलं. अंधार पडला की बंडखोर जेवण मागायला यायचे आणि उजाडलं की कुणाला जेवू घातलं ते विचारायला फौज यायची. दोघांच्याही हातात बंदुका. शैलेंद्र तोवर अमेरिकेचा नागरिक झाला होता. त्याने आईचं ग्रीन कार्ड करून घेतलं आणि दोन हजार तीन साली, मधल्या युद्धबंदीत, तिला सिएटलजवळच्या बॉथेलला आणलं. साठीला आलेली, आखूड बांध्याची, कमरेला लांब कापडाचा पटका गुंडाळणारी ही बाई टाउनहाउसच्या दारात उभी राहिली तेव्हा उत्तराने वाकून नमस्कार केला आणि मग म्हणाली, "आई, शूज बाहेर काढा हं. कार्पेट आहे."

तिथून जी सुरुवात झाली ती झालीच.

उत्तरा एका औषधांच्या लॅबमध्ये कामाला होती. हात धुण्याची तिची रीत ऑपरेशन करणाऱ्यासारखी. तुलमायाने मुळ्याचा पाला बरणीत दाबून आंबवायला ठेवला, वास सुटला, तर उत्तराने ती बरणी तशीच कचऱ्याच्या पिशवीत टाकली. विचारलंही नाही. त्यावर तुलमायाने सुनेच्या हातचं जेवणं सोडलं. आपला भात वेगळ्या पातेल्यात शिजवायची, अंगणात उकिडवी बसून खायची. उत्तरा म्हणायची, "लोक बघतात, शैलू. लोकांना वाटेल आपण म्हातारीला घराबाहेर जेवायला घालतो." शैलेंद्र म्हणायचा, "थोडं ॲडजस्ट कर ना, यार." हेच वाक्य तो आईलाही नेपाळीत ऐकवायचा. दोघींनाही त्याचा सारखाच संताप यायचा.

सासूसुनेची बोलायची भाषा म्हणजे मोडकी हिंदी. भांडायला तेवढं पुरत असे.

घरामागे लाकडी कुंपणाच्या आत दोन खाटा मावतील एवढी जमीन होती. ती मात्र तुलमायाने ताब्यात घेतली. हिरवळ उपटून टाकली, टोमॅटो लावले, मोहरी पेरली. आणि गावाहून पटक्याच्या घडीत आणलेलं मूठभर बी होतं, तेही कुंपणाच्या कडेने टोकलं.

ते भांगेचं बी होतं. धुरीबासमध्ये भांगेचं झाड म्हणजे काही चोरून लावायची गोष्ट नव्हती. परसात, गोठ्यामागे, शेताच्या बांधावर ते आपलं आपण उगवायचं. त्याच्या सालीचे दोर वळायचे, पोती विणायची. बी भाजून वाटलं की चटणी व्हायची. थंडीत भाताबरोबर ती नसेल तर जेवण गिळवत नसे. गुराला हगवण लागली की पाला चारायचा. शिवरात्रीला जोगी येत, त्यांना पाला वाढला की पुण्य. संध्याकाळी म्हातारे ओट्यावर बसून चिलीम फिरवत, पण त्यांच्यासमोर तरुण माणसाने ती तोंडाला लावणं म्हणजे बेअदबी. बाया तर शिवतही नसत.

ओढणं पुरुषांचं आणि कष्ट बायांचे. कार्तिकात झाडाला तुरे आले की बाया आणि पोरी ओळीने शेतात उतरायच्या. तुरा दोन तळव्यांत धरायचा आणि अलगद चोळत राहायचं. दुपारपर्यंत तळव्यांवर काळा चिकट थर चढायचा. तो अंगठ्याने खरवडून त्याची गोळी करायची. हाच चरस. त्या दिवसांत हाताने जेवता येत नसे, पोराला कडेवर घेता येत नसे. मोहरीचं तेल लावून घासलं तरी काळेपणा महिनाभर नखांत राहायचा. तुलमाया सहा वर्षांची असल्यापासून हे करत आली होती.

ती तरुण असताना लांब केसांचे गोरे आले. ओट्यावर झोपायचे, गोळ्या विकत घ्यायचे, डोळे मिटून हसायचे. गावाला ते खुळे वाटत. मग एका वर्षी काठमांडूच्या सरकारने एकाएकी सगळे परवाने रद्द केले. लोक म्हणत, अमेरिकेने सांगितलं म्हणून. काल जे पीक होतं ते आज गुन्हा झालं. गोरे गेले, झाडं राहिली, आणि भरायची पोटंही राहिली. तुलमायाचा नवरा हस्तबीर मग चरस पाठीवर बांधून जंगलातल्या वाटेने खाली सपाटीवरच्या तराईत नेऊन विकू लागला. शैलेंद्र हुशार होता. त्याला पाल्पाच्या बोर्डिंगात घातलं होतं. त्याची फी त्याच वाटेने जायची. शेवटी हस्तबीर पकडला गेला. तुरुंगातून सुटून आला तो खोकला घेऊन, आणि पुढचा पावसाळा काही त्याने पाहिला नाही. त्यानंतर तीच वाट तुलमायाने एकटीने चालली, मुलगा पुण्याला पोहोचेपर्यंत.

हे उत्तराला ठाऊक नव्हतं. शैलेंद्रने तिला सांगितलं होतं, बाबांचं दुकान होतं.

जुलैत रोपं कमरेइतकी झाली. एका रविवारी शैलेंद्र पाण्याचा पाइप घेऊन मागे आला आणि जागीच थांबला.

"आमा, हे काय लावलंयस?"

"दिसत नाही? चटणीला बी पाहिजे मला. इथल्या दुकानात मिळत नाही."

"इथे हे लावलं तर पोलीस धरतात."

"तिथेही धरायचे," तुलमाया म्हणाली. "बी धरलं की उपटीन. तोवर हात लावायचा नाही."

शैलेंद्रने कुंपणाकडे पाहिलं. पलीकडून काही दिसत नव्हतं. त्याने पाइप गुंडाळला आणि आत गेला. बायकोला तो काही बोलला नाही. बोलला असता तर घरात आणखी एक भांडण झालं असतं, आणि भांडण टाळण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

ऑगस्टअखेर गणपती आले. उत्तराच्या घरी दीड दिवसाचा गणपती असायचा. दर्शनाला मराठी मंडळातले लोक आले, त्यांत कांचनकाकू होत्या. काकूंचे यजमान डॉक्टर चंद्रशेखर हे हृदयरोगाचे नावाजलेले डॉक्टर, नुकतेच रिटायर झालेले. आमच्यावेळी सिएटलमध्ये आठ मराठी घरं होती, हे ते दर भेटीत सांगत. मंडळात त्यांचा शब्द शेवटचा.

काकू परसात डोकावल्या आणि किंचाळल्याच. "अगं उत्तरा! अंबाडी!"

"कुठे?"

"ही काय! पंजाएवढं पान, पाच बोटांचं, कडेला कातरलेलं. पस्तीस वर्षांत मला इथे अंबाडी दिसली नाही. आणि उद्या ऋषिपंचमी! ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, परसातलंच लागतं. देवानेच दाखवली बघ."

उत्तरालाही पटलं. तिने पुण्यात भाजी बाजारात जुडीत बांधलेली पाहिली होती; झाड कधी पाहिलं नव्हतं. शिवाय सासूने केलेल्या एखाद्या गोष्टीचं कुणी कौतुक करतंय, हे तिला नवंच होतं. तिने कात्री आणली.

तुलमाया टोमॅटोपाशी बसली होती. ती उठून आली आणि उत्तराचं मनगट धरलं. "पत्ता नहीं," ती म्हणाली. "पत्ता नहीं खाना. बीज खाना, बीज."

"आई, थोडीशी पानं नेतायत त्या. तुमची झाडं कुणी नेत नाहीये."

"नहीं खाना," तुलमायाने पुन्हा सांगितलं, आणि डोक्याभोवती हात गोल फिरवून दाखवला.

कांचनकाकू हसल्या. "कशाला रागावतायत?"

"त्यांना कशालाही हात लावलेला खपत नाही," उत्तरा मराठीत म्हणाली. मनगट सोडवून घेतलं आणि भरपूर पानं कापून दिली. घरात आरतीसाठी लोक खोळंबले होते. तुलमाया तिथेच उभी राहिली. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायची तिला गरज वाटली नाही. खरं तर तिला वाटलं, खा मेल्यांनो.

दुसऱ्या दिवशी काकूंनी भाजी केली. आंबटपणा लागेना म्हणून चिंच वाढवली. अमेरिकेच्या मातीत आंबट उतरत नाही, असं स्वतःला सांगितलं. वरून साजूक तूप घातलं. डॉक्टरांनी दोन वाट्या खाल्ल्या.

दुपारी काकू सोफ्यावर बसून हसत सुटल्या आणि का हसतोय ते त्यांना सांगता येईना. डॉक्टरांची छाती धडधडू लागली. त्यांची बायपास झालेली. भिंती जवळ येतायत असं वाटू लागलं तेव्हा त्यांनी स्वतःच ॲम्ब्युलन्स बोलावली. नेलं ते त्याच हॉस्पिटलमध्ये, जिथे त्यांनी आयुष्य काढलं होतं. हृदय ठीक निघालं. लघवीच्या तपासणीत मात्र गांजा निघाला. त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक तरुण डॉक्टर पडदा ओढून घेत हळूच म्हणाला, "सर, डू यू यूज?"

त्या एका प्रश्नाची आग पुढे सगळ्यांना लागली.

काकूंचा फोन आला तेव्हा उत्तरा लॅबमधून नुकतीच परतली होती. ती अंबाडी नव्हती, हे तिला तेव्हा कळलं. फोन ठेवून ती परसात गेली आणि झाडं उपटू लागली. तुलमाया ओरडत धावली. दोघींनी एकच झाड दोन बाजूंनी धरलं. शैलेंद्र येऊन मध्ये पडला, आणि त्याने आईचे हात सोडवले. बायकोचे नाही, आईचे. मग नवराबायकोने मिळून सगळं काळ्या पिशव्यांत कोंबलं आणि गाडीत टाकून कुठेतरी नेलं. बी अजून दुधातच होतं.

"माझी नोकरी जाईल, कळतंय का यांना?" उत्तरा परतल्यावर ओरडत होती. "ड्रग कंपनीत आहे मी! काका पोलिसांत गेले तर? या बाईने माझ्या घरात, माझ्या गणपतीत..." तुलमायाला शब्द कळले नाहीत. 'या बाईने' तेवढं कळलं.

पुढच्या शनिवारी माफी मागायला जायचं ठरलं. शैलेंद्र आईला म्हणाला, "तू फक्त हात जोड. बोलू नकोस."

डॉक्टरांच्या दिवाणखान्यात पांढरे सोफे होते. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. तुलमायाने हात जोडले. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"पंचवीस वर्षं मी त्या हॉस्पिटलात मान ताठ ठेवून वावरलो," ते म्हणाले. "आज तिथल्या नर्सेस आपसात काय बोलत असतील? एक फोन केला असता ना, तर या बाईंचं ग्रीन कार्ड संपलं असतं. तुमच्या तोंडाकडे बघून केला नाही."

"काका, सॉरी. खरंच सॉरी," उत्तरा म्हणाली. "आम्हाला कल्पनाच नव्हती. त्या काही बोलल्याच नाहीत. बोलल्या असत्या तर मी पानं दिली असती का?"

कांचनकाकूंनी मान वर करून उत्तराकडे पाहिलं. त्या दिवशी त्याही तिथेच होत्या. पण त्यांनी मान पुन्हा खाली घातली.

डॉक्टर शैलेंद्रकडे वळले. "आणि तू? तू तर तिथलाच. तुला झाड ओळखता आलं नाही?"

शैलेंद्र गालिच्याकडे पाहत म्हणाला, "नाही काका. मी लहानपणीच बोर्डिंगला गेलो. मला ते झाड माहीत नव्हतं."

मराठी आणि नेपाळीत अंतर आहे, पण फार नाही. 'झाड' आणि 'माहीत नव्हतं' एवढं तुलमायाने पकडलं, बाकीचं तिने मुलाच्या मानेवरून ओळखलं. ती उठून उभी राहिली.

"मैंने बोला," ती डॉक्टरांना म्हणाली. "बहू को बोला. दो बार बोला, पत्ता नहीं खाना. ये आप की औरत भी थी, ये हँसी." मग तिने मुलाकडे बोट केलं. "इस को मालूम. पहले से मालूम."

"आमा, बस कर," शैलेंद्र नेपाळीत म्हणाला.

"माहीत नाही म्हणालास?" ती आता नेपाळीतच सुटली, कुणाला कळतंय की नाही याची तिला फिकीर उरली नव्हती. "त्या झाडाचं तू खाल्लंस, त्याचं नेसलास, त्याच्यावर शिकलास! तुझा बाप त्यापायी तुरुंगातून खोकला घेऊन आला आणि मेला. तुझी फी मी या हातांनी चोळली. आणि माहीत नाही?"

"काय म्हणतायत त्या?" डॉक्टरांनी विचारलं.

शैलेंद्र पुन्हा गालिच्याकडे पाहू लागला. तेव्हा तुलमायाने स्वतःच सांगितलं, तळवे पुढे करून, मोडक्या हिंदीत: "चरस. चरस बेचा. इस को पढ़ाया."

मग डॉक्टर म्हणाले, "छान. म्हणजे ड्रगच्या पैशावर इंजिनिअर." उत्तरा नवऱ्याकडे असं पाहत होती जणू त्याला आत्ताच कुणी ओळख करून देतंय. "दुकान होतं म्हणाला होतास," ती हळूच म्हणाली.

मंडळात ती गोष्ट दिवाळीपर्यंत घरोघर पोहोचली, आणि दिवाळीचं आमंत्रण काही त्यांना आलं नाही. घरात उत्तरा नवऱ्यावर चिडलेली, नवरा आईवर चिडलेला. तो एकदा म्हणाला, "सगळं सांगायची काय गरज होती? मी इथे इतक्या वर्षांत काय उभं केलं होतं, तुला कल्पना आहे?"

"मला काय उभं करायला लागलं, ती तुला आहे?" तुलमाया म्हणाली. "परत पाठव मला."

"तिथे पुन्हा युद्ध सुरू झालंय."

"तिथे वैरी बंदूक घेऊन येतो. ओळखता तरी येतो."

त्याने काही पाठवलं नाही. मग तीच गेली. सिएटलच्या दक्षिणेला केंट गावी एक नेपाळी जोडपं पेट्रोल पंप चालवायचं. त्यांना जुळ्या मुली होत्या आणि सांभाळायला कुणी नव्हतं. देवळात गाठ पडली, आणि तुलमाया आपली पेटी घेऊन त्यांच्याकडे राहायला गेली. इंजिनिअरची आई लोकांची पोरं सांभाळते म्हणून शैलेंद्रला तोंड दाखवायला जागा उरली नाही. तिला नेमकं तेच हवं होतं, आणि हे ती कुणी न विचारता सांगायची.

शैलेंद्र अधूनमधून केंटला यायचा. ती दारातच उभी राहून म्हणायची, "त्या डॉक्टरकडे जा. तुला माहीत होतं, असं सांग. मग आत ये." तो म्हणायचा, "आता झालं ते झालं ना, आमा." ती दार लावून घ्यायची. शिव्या देत नसे, रडतही नसे.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात एका दुपारी उत्तरा एकटीच आली. पाऊस पडत होता. ती दारात उभी राहिली आणि तिने स्वतः होऊन शूज काढले.

"मी तुम्हाला न्यायला आले नाहीये," ती हिंदीत म्हणाली. घोकून आल्यासारखं बोलत होती. "तुम्ही मला आवडत नाही. तेव्हाही नाही, आताही नाही."

"मुझे भी तू," तुलमाया म्हणाली.

"पण तुम्ही सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि तिथे खोटं बोलले. काल कांचनकाकूंच्या घरी जाऊन मी हे बोलून आले. काकांनी मला बाहेर जायला सांगितलं."

तुलमायाने तिच्या मागे दाराबाहेर पाहिलं. "और वो?"

"तो आला नाही. गाडीत बसून राहतो म्हणाला होता. मग गाडीतही बसला नाही."

तुलमायाने तिला आत घेतलं. चहा केला, मीठ घातलेला. उत्तराला तो घशाखाली जात नव्हता, तरी तिने संपवला. जुळ्या मुली तिच्या पर्सची चेन उघडझाप करत होत्या. निघताना उत्तराने नमस्कार केला नाही आणि तुलमायाने आशीर्वाद दिला नाही.

पुढच्या वर्षी नेपाळात तह झाला. दोन हजार सात उजाडलं तेव्हा पेट्रोल पंपवाले गावी निघाले होते. तुलमायाही त्यांच्याबरोबर गेली ती कायमची. विमानतळावर शैलेंद्र आला होता. त्याने आईच्या पायांवर डोकं ठेवलं, तिने पाय मागे घेतले नाहीत, एवढंच. तो काही सांगेल म्हणून ती आत जायच्या रांगेपाशी थोडी थांबली. तो म्हणाला, "पोहोचलीस की फोन कर." ती आत गेली.

धुरीबासला आता एका दुकानात फोन आला आहे. शैलेंद्रचा फोन आला की दुकानदार पोराला डोंगरावर पिटाळतो आणि निरोप येतो, आमा शेतात आहे. उत्तरा फोन करते तेव्हा मात्र ती खाली उतरून येते. दोघी मोडक्या हिंदीत एकमेकींना बोल लावतात: तू अजून मूल का नाही केलंस, तुम्ही खोकल्याचं औषध का नाही घेतलं. फोन ठेवताना उत्तरा कधीकधी म्हणते, "शैलू इथेच आहे. देऊ?"

"रहने दे," तुलमाया म्हणते, आणि दुकानदाराच्या हातात फोन देऊन चढ चढू लागते.